इंग्लिश ओटी

"केरसुणी मिळणार नाही," नलूआत्या म्हणाली. "बाकी काय हवं ते ने. पातेलं ने, सुरी ने. केरसुणी लक्ष्मी असते, ती गच्चीवर नेऊन नाचवायची नसते."

"नाचवायची नाहीये गं. जमिनीला न टेकवता झाडायचंय."

"न टेकवता?" आत्याने तव्यावरची पोळी उलटली. "मग केर कसा निघणार?"

"केर काढायचा नाहीच. वाईट शक्ती काढायच्यात."

"त्या सकाळी काढ. दिवेलागणीला झाडत नाहीत."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि चेटकीण होते. म्हणजे तसं मी पुण्यातल्या घरी जाहीर केलं होतं. बारावीची परीक्षा संपल्यावर करायला काही नव्हतं, गल्लीच्या तोंडाशी एक सायबर कॅफे होता, आणि तिथल्या तिसऱ्या नंबरच्या संगणकावर मला विक्का सापडलं. चंद्राला देवी मानणाऱ्या, पौर्णिमेला वर्तुळ आखून विधी करणाऱ्या परदेशातल्या बायका. त्या स्वतःला खुशाल चेटकिणी म्हणवून घेत होत्या. मला ते फार आवडलं. बाबांना सांगितलं तर ते पेपरामागून म्हणाले, "निकाल लागू दे, मग काय व्हायचं ते ठरवू." आणि आठवड्याच्या आत माझी रवानगी त्यांच्या बहिणीकडे, कराडला झाली. हवापालट म्हणून.

येताना मी छापून घेतलेली पानं बरोबर आणली होती. सहा पानं, एका टाचणीत. खरं तर मजकूर पाचच पानांचा होता, सहावं पान प्रिंटरने कोरंच बाहेर टाकलं होतं. पण चेटकिणीच्या कागदातलं काही फेकायचं नसतं असा नियम मी मनाशी केला होता, त्यामुळे तेही टाचणीत राहिलं.

नलूआत्या म्हणजे नलिनी पोतदार, नगरपालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई. पहिली ते चौथी. तिच्या हातचा मार खाल्लेले लोक आता भाजी मंडईत तिला पिशवी उचलू देत नसत. आप्पा, म्हणजे तिचे यजमान, जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात ती एकटीच. देवाधर्माचं तिला फारसं काही नव्हतं. केरसुणीबद्दलही ती जे बोलली ते धर्म म्हणून कमी आणि मला छळायला जास्त, हे तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

"वाचून तर दाखव काय लिहिलंय ते," ती म्हणाली. "माझा चष्मा देव्हाऱ्यापाशी आहे आणि मला उठायचा कंटाळा आलाय."

मी पोळपाटाशेजारी बसून मराठी करून वाचलं. विक्काचा नियम एकच, कुणाचं वाईट होत नसेल तर मनाला येईल ते करा.

"एवढा एकच?" आत्या म्हणाली. "आमच्या शाळेला अठ्ठावन्न होते. पुढं?"

पुढे चौथ्या पानावर लिहिलं होतं की विधीला लागणारी एखादी वस्तू जवळ नसेल तर ती मनात आणावी. मनात नीट आणलेली वस्तू विधीला चालते.

"हे बरंय. तसं असतं तर मी निम्मी शाळा चालवली असती. फळा नाही, मनात आणा. छप्पर नाही, मनात आणा." तिने पोळी डब्यात टाकली. "आणि ही देवी तीन रूपांची म्हणालीस, ती कोण कोण?"

"कुमारी, माता आणि थेरडी."

आत्याने लाटणं माझ्याकडे रोखलं. आम्ही 'ज्येष्ठा' यावर तडजोड केली.

हे सगळं गमतीत चाललं होतं. मग गुरुवारी हेमाताई आली.

हेमाताई आत्याची एकुलती मुलगी. विट्याला दिलेली, महामुनींच्या घरात. सातवा महिना लागला होता आणि रविवारी माहेरी डोहाळजेवण ठरलं होतं. सासरची माणसं रविवारी सकाळी येणार, दुपारी कार्यक्रम, पंधरा-वीस बायका. आत्याने हिरवी साडी आणून ठेवली होती, फुलांचे दागिने सांगितले होते, कामाच्या यादीत कुठे म्हणून खोट नव्हती. खोट निघाली ती रात्री जेवताना.

"पहिली ओटी कोण भरणार?" हेमाताईने विचारलं.

"विहीणबाई. मग शेजारच्या रेगेकाकू, मग बाकीच्या. पाच जणी झाल्यात."

"आणि तू?"

"मी आत. वाढायचं बघायला नको का कुणी?"

"आई, तू पहिली भरणार असशील तर मी पाटावर बसेन."

"हेमा, जेव."

"नाहीतर नाही बसणार. हिरवी साडी नेसून नुसती उभी राहीन. सगळ्यांनी बघून जावं."

 ताटातली कोशिंबीर आत्याने तशीच ठेवली, हात धुतला आणि मागच्या अंगणात गेली. मला वाटलं होतं आत्या हसून काहीतरी टोला देईल. तिने दिला नाही याचीच मला भीती वाटली.

"ही असली कधीपासून झाली?" मी हेमाताईला विचारलं. "विधवेने पुढं यायचं नाही वगैरे? आत्या? स्वतः शाळेत बायकांना समजावायची ना?"

हेमाताईचे पाय सुजले होते, ती ते उशीवर घेऊन बसली. मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा तिसऱ्या महिन्यात चोरओटी होती. चोरओटी म्हणजे घरातल्या घरात, गाजावाजा न करता भरतात ती. आत्याने कुणाचंही न ऐकता स्वतःच्या हाताने भरली होती. माझ्या लेकीला माझ्या हाताचं लागत नाही, असं शेजारणींना ठणकावून सांगून. आणि नऊ दिवसांनी हेमाताईला दवाखान्यात न्यावं लागलं. ते मूल राहिलं नाही.

"डॉक्टरांनी चारदा सांगितलं तिला, गाठ होती म्हणून. तिने मान हलवली. पण तेव्हापासून तिने मला साधा गजरा माळलेला नाही केतकी. जेवायला वाढते तेसुद्धा पळी लांब धरून."

मला ती पळी आठवली, मलाही ती तशीच वाढायची. मी दोन आठवडे तिथे राहत होते, मला वाटलं होतं म्हाताऱ्या माणसांची सवय असते. आत्याचा अपशकुनावर विश्वास नव्हता, आणि तरी ती घाबरली होती. अशा माणसाला समजावणार कसं? पटत नाही त्याला पटवता येतं. पटलेलं असूनही हात थरथरतात त्याचं काय करायचं?

मला रडू आलं आणि रडता रडता कल्पना सुचली. अशीच कामं मला रडताना सुचतात.

शनिवारी पौर्णिमा होती. सकाळी मी आत्याला म्हणाले, "आज माझा विधी आहे. तीन बायका लागतात. कुमारी मी. माता हेमाताई, आयतीच आहे. ज्येष्ठा नसेल तर विधीच होत नाही. तिच्याशिवाय वर्तुळ उघडत नाही असं लिहिलंय."

हे खरंच लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर.

"मला काय करावं लागेल?"

"बसायचं. मान मोठा असतो पण काम नसतं."

"मग निवृत्तीसारखंच आहे," आत्या म्हणाली. "हेमाला चढवेल का जिना?"

"अकरा पायऱ्या आहेत. मी मोजल्यात."

आत्याच्या गच्चीवरून पूर्वेला सदाशिवगड दिसतो. चंद्र तिथून वर येणार होता. संध्याकाळी सहाला मी तयारीला लागले. खडेमिठाचं वर्तुळ घालायला घेतलं तर आत्या जिन्यातून म्हणाली, "सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं. अर्धा किलो आहे. मी वेचणार नाही, तू वेच." पूर्वेच्या बाजूला तिच्यासाठी चटई टाकली. समोर पश्चिमेला मी, पाण्याच्या पिंपाला टेकून. दक्षिणेला पातेल्यात निखारे, त्यावर ओवा आणि धूप. कागदावर लिहिलेल्या वनस्पती कराडात कुणी ऐकलेल्याही नव्हत्या. मधोमध हेमाताईची खुर्ची. उत्तरेला उभं राहायला माणूसच उरलं नाही, म्हणून तिथे केरसुणी आली. ती शेवटी आत्यानेच आणून दिली, आडवी ठेवायच्या बोलीवर. केरसुणी उभी ठेवली की घरात भांडणं होतात.

"आणि हे सूप कसलं?" आत्याने विचारलं.

सुपात तांदूळ होते, नारळ होता, पाच फळं होती. हळदकुंकवाची कोयरी मी मुद्दाम घेतली नव्हती.

"उत्तर दिशा पृथ्वीची. जमिनीतून येणारं सगळं तिथं ठेवतात."

"नारळ झाडावर येतो."

"झाड जमिनीत येतं."

आत्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि चटईवर बसली. मी सुरी हातात घेऊन वर्तुळाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. कागदात लिहिलं होतं की एकदा वर्तुळ बंद झालं की विधी पुरा होईपर्यंत कुणी ते ओलांडायचं नाही. फारच अडचण आली तर ज्येष्ठेने सुरीने हवेत दार कापावं. मी ती सुरी मोठ्या अदबीने आत्याच्या पुढ्यात ठेवली.

हेमाताईला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती ओव्याच्या धुराने खोकत होती आणि म्हणत होती, "लवकर आटप, मला खाली जायला लागेल."

मी दिशांना हाका मारल्या. पहिल्या दोन दिशांना माझा आवाज बरा लागला, नंतर शेजारच्या गच्चीवर रेगेकाकूंचे कपडे काढणं चालू झालं म्हणून कुजबुजत मारल्या. मग मी पानं हातात घेतली. माझ्या पाठीमागे सूर्य मावळतीला टेकला होता. समोर आत्याचं तोंड त्या उन्हात स्पष्ट दिसत होतं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. पाचवं संपलं.

मी सहावं पान वर घेतलं.

"आता शेवटचा भाग," मी म्हणाले आणि घसा खाकरला. "ज्येष्ठा पृथ्वीचं दान उचलते आणि मातेच्या ओटीत घालते. हे दान दुसऱ्या कुणाच्या हातून चालत नाही. कुमारीच्या हातून नाही, कारण तिचं अजून काहीच झालेलं नाही. दुसऱ्या मातेच्या हातून नाही, कारण तिला स्वतःचं सांभाळायचं असतं. ज्येष्ठेच्याच हातून. कारण जिचं जाण्यासारखं सगळं जाऊन झालंय, तिच्या हातून दुसऱ्याचं काही जात नाही."

खाली रस्त्यावरून कुल्फीवाला घंटा वाजवत गेला. 

"असं लिहिलंय?" आत्याने विचारलं.

"हो."

"कितव्या पानावर?"

"सहाव्या."

"शेवटचं वाक्य परत वाच."

मी परत वाचलं. कोऱ्या कागदावरचं वाक्य दुसऱ्यांदा तस्संच्या तसं वाचणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. एकही शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. माझे तळहात घामाने भिजले होते.

आत्याने पदराने चेहरा पुसला. "ही तुझी देवी," ती म्हणाली, "तिच्यात विधवा असतात का गं?"

"त्याबद्दल कुठंच काही नाही. कुमारी, माता, ज्येष्ठा, एवढंच."

"नवरा आहे की गेला, हे विचारत नाही?"

"पाचही... सहाही पानांत नाही विचारलेलं."

हे मात्र अगदी खरं होतं.

"बरी आहे बाई," आत्या म्हणाली. "आपल्या नियमांची तिला माहिती नाही, आणि आपण सांगायला जायचं नाही." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. सूप उचललं. हेमाताईच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिथेच थांबली. तिचे हात इतके कापायला लागले की सुपातली फळं एकमेकांवर आपटत होती.

हेमाताईला तोवर सगळं समजलं होतं. तिने पदर पुढे पसरला आणि अगदी घरगुती आवाजात म्हणाली, "आई, नारळ आधी."

"मला शिकवू नको," आत्या म्हणाली, आणि नारळ घातला.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.

"दार उघडंच होतं म्हणून वर आलो," असं म्हणत शारदाबाई महामुनी, हेमाताईच्या सासूबाई, गच्चीच्या तोंडाशी आल्या. हातात पिशवी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. उद्या येणार होत्या त्या आज आल्या होत्या. "म्हटलं रविवारी येष्टीला गर्दी असती, आजच गाठावं..."

 त्यांनी मिठाचं वर्तुळ बघितलं. पातेल्यातला धूर बघितला. सुरी बघितली. उत्तरेची केरसुणी बघितली. आणि मग त्यांना त्यांची सात महिन्यांची गरोदर सून पदर पसरून बसलेली, आणि तिच्यापुढे ओंजळीत तांदूळ घेऊन उभी असलेली विधवा विहीण दिसली.

मी मनातल्या मनात पुण्याची गाडी धरली. करणी, जादूटोणा, पोलीस, बाबा, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.  वर्तुळ ओलांडून कुणालाच जाता येत नव्हतं, आणि गंमत म्हणजे आम्ही तिघींनी त्या वेळीही तो नियम पाळला.

"काय चाललंय ओ हे?" शारदाबाईंनी विचारलं.

नलूआत्याने बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनच्या साहेबांना तोंड दिलं होतं. तिने ओंजळ खाली घेतली नाही.

"ओटी भरतोय," ती म्हणाली. "इंग्लिश ओटी."

"म्हंजे?"

"इंग्लंडातल्या बायका भरतात तशी. केतकीनं पुण्याहून कागद आणलेत. यात वयानं मोठी असेल तिचा मान असतो."

शारदाबाईंनी विचार केला. "आणि उद्याची?"

"उद्याची मराठी. ती तुम्ही भरायची. मी आत असेन."

"म्हंजे माझ्या सुनंची दोनदा हुणार."

"दोनदा होणार."

शारदाबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या काय बोलतील याचा अंदाज मला येईना. मग त्या आत्याकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागल्या खेपेला पण तुम्हीच भरली होती. हेमानं सांगितलं होतं मला."

 आत्याच्या बोटांतून तांदूळ गळायला लागले.

"माहीत होतं तुम्हाला?"

"दोन वर्सं झाली. मी कदी काय बोलले का?"

"मग काही बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं न्हाई. मला वाटलं, इसरला असाल." शारदाबाई म्हणाल्या. "माझी तीन गेली, विहीणबाई, हेमाचा नवरा व्हायच्या आधी. तिन्ही वेळंला पाच सवाष्णींनी भरली होती. आता त्या पंधरा जणींना कुठं शोधत बसू?" मग त्यांनी जिन्यापाशीच्या नळावर पाय धुतले. "तांदूळ सांडाय लागलेत. भरा की पुढं. आणि मी कुठं हुबी राहू?"

आत्याने सुरी उचलली आणि हवेत दार कापलं. वरून खाली, मग आडवं, मग पुन्हा खाली. फळ्यावर चौकोन काढावा तितकं काळजीपूर्वक. शारदाबाई पदर सावरून त्या दारातून आत आल्या, जरा वाकूनच, वरची चौकट लागू नये म्हणून. मी त्यांना उत्तरेची जागा दाखवली.

"ही केरसुणी हितं कशाला?"

"ती तुमच्याऐवजी होती," मी म्हणाले.

त्यांनी केरसुणीला हात लावून नमस्कार केला, ती उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

आत्याने ओटी भरली. पाच ओंजळी तांदूळ, पाच फळं. पाचव्या ओंजळीपर्यंत तिचे हात थांबले होते. मग तिने सूप खाली ठेवलं, हेमाताईचं तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि सोडेचना. दोन वर्षांनी हात लावत होती. हेमाताई म्हणाली, "आई, तुझ्या हाताला मीठ लागलंय," आणि आत्या म्हणाली, "असू दे."

चंद्र केव्हा वर आला ते आम्हा चौघींपैकी एकीनेही बघितलं नाही. माझ्या सबंध चेटकीणपणातला तो एकमेव पुरा झालेला विधी, आणि ज्या देवीसाठी केला तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नंतर प्रसाद म्हणून केक आणि वाइन घ्यायची असं पाचव्या पानावर होतं. आम्ही शंकरपाळे खाल्ले आणि कोकम सरबत घेतलं. शारदाबाईंनी दोनदा मागून घेतलं आणि विचारलं, "ह्या इंग्लिशमधी बारशाचं काय असतंय का?"

रविवारी हेमाताई मुकाट्याने पाटावर बसली. शारदाबाई ओटीचं ताट घेऊन पुढे झाल्या, वाकल्या, आणि पुन्हा सरळ उभ्या राहिल्या. "विहीणबाई आत काय करतायत?" त्यांनी भरल्या घरात विचारलं. "काल मी त्यांच्या वर्तुळात गेले होते. आज त्यांनी माझ्यात यायला पायजे. फिट्टंफाट." रेगेकाकूंना काही कळलं नाही, बाकीच्यांना त्याहून कमी. आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला श्रीखंड लागलं होतं. ती तिथे थांबेल आणि परत फिरेल असं मला वाटलं. ती मोरीत गेली, हात धुतले, पुसले आणि बाहेर आली.

त्यानंतरचे दोन महिने आत्या रोज सकाळी सातला विट्याला फोन करायची आणि हेमाताईचा आवाज ऐकल्यावरच चहा घ्यायची. भीती एका संध्याकाळीत जात नाही. रेवा झाली त्या दिवशी तिने मला पुण्याला फोन करून एवढंच सांगितलं, "झाली. रंग तुझ्यासारखा, नाक विहीणबाईंचं. आणि आवाजावरून कळलंय, पोरगी भांडखोर आहे."

माझं चेटकीणपण कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत टिकलं. मग इतर गोष्टी आल्या. पण त्या गच्चीवरच्या कागदाची बोच राहिली. आत्याशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले होते, तेही तिच्या सगळ्यात दुखऱ्या जागेवर, आणि ते तिला कधी सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिने त्या वाक्यावर विश्वास ठेवला होता. ते कुणा शहाण्या बाईने शेकडो वर्षांपूर्वी लिहिलेलं नाही, पुण्याच्या एका रिकामटेकड्या पोरीने घाम पुसत रचलंय, हे तिला कसं सांगणार?

गेल्या वर्षी आत्याने कराडचं घर बंद केलं. ऐंशीला टेकली होती, हेमाताईने तिला विट्याला न्यायचं ठरवलं. सामान आवरायला मी गेले. आत्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होती आणि मी पेट्या उपसत होते. एका पेटीत शाळेच्या फायली होत्या. 'हजेरी', 'सहल', 'पालकांची पत्रं', आणि तळाशी एक, 'इतर' नावाची. ती उघडली तर त्या रात्रीनंतर न सापडलेली माझी टाचणी. गंजलेली. पहिली पाच पानं पिवळी पडली होती.

सहावं पान कोरं नव्हतं.

आत्याच्या गोल, वळणदार अक्षरात वर मध्यभागी लिहिलं होतं, 'जिचं जाण्यासारखं सगळं जाऊन झालंय, तिच्या हातून दुसऱ्याचं काही जात नाही.' शब्द न् शब्द बरोबर. खाली त्या शनिवारची तारीख. आणि त्याखाली लाल शाईत, प्रगतीपुस्तकात लिहितात तसं: 'प्रकट वाचन – ८/१०.'

मी कागद घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. 

"सापडलं होय," आत्या म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"ऊन तुझ्या पाठीमागं होतं. कागद आरपार दिसत होता मला. पाचही पानांवर मुंग्यांच्या रांगा आणि सहाव्यावर काही नाही." ती हसायला लागली. "आणि नसतं दिसलं तरी. बत्तीस वर्षं पोरांचं वाचन ऐकलंय मी. कोरं पान धरून धडा म्हणणारी दोन तरी दर वर्षी असायची."

"मग मला थांबवलं का नाहीस?"

"पुढं काय वाचतेस ते ऐकायचं होतं."

"आणि परत वाच म्हणालीस ते?"

"पाठ करायचं होतं."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने माझ्या केसांतून हात फिरवला, वीस वर्षं कुणाच्याही केसांतून न घाबरता फिरणारा हात. बाहेर हेमाताई टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होती. जरा वेळाने माझ्यातली जुनी चेटकीण जागी झाली आणि मी मान वर केली.

"दोन मार्क कशाचे कापले?"

"वाचताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं असतं, केतके," आत्या म्हणाली. "तू सारखी कागदात बघत होतीस. त्यात काय होतं बघण्यासारखं?"